किनाऱ्यावर टिकणारा कॅम्पर ट्रक: आखणी आणि खर्चाचा अंदाज

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी गाडी चढवली, की कॅम्परचा, म्हणजे पाठीवर राहायची खोली असलेल्या ट्रकचा, आराखडा जमला की फसला ते पाच सेकंदांत कळतं. जेटीचा उतार खाली जातो, बोटीची फळी वर येते आणि मधे खोलगट व्ही तयार होतो. मागची चाकं त्या व्हीच्या तळाशी आली की गाडीची शेपटी मागच्या उतारावर घासते. वेश्वी–बागमांडला आणि जयगड–तवसाळलाही हाच प्रकार. शेपटीखाली ग्रे वॉटरची (आंघोळ-भांड्यांच्या वापरलेल्या पाण्याची) टाकी आणि सांडपाण्याचा नळ लटकवलेला असेल, तर तो पहिल्याच फेरीत जेटीवर राहतो.

म्हणून कोकणात कॅम्परची आखणी पलंग-ओट्यापासून सुरू करायची नाही. मापं, कागद, वजन, पाणी आणि मग घर, असा क्रम ठेवायचा. पैशाचा नियमही एकच: जे नंतर भिंतीआड झाकलं जाणार आहे, त्यावर आधी आणि चांगला खर्च. पडदे, गादी, दिवे पुढच्या वर्षीही बदलता येतात. सबफ्रेम (चासी आणि वरची खोली यांच्या मधली चौकट), पॅनलच्या आतली फळी आणि भिंतीतली वायर बदलायची म्हणजे अर्धी गाडी फोडायची.

मापं

व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांच्या मागे येणारा भाग) मोटार वाहन नियमांत चालतो. बॉडीवाले तेवढा घेतातही, कारण जागा फुकट मिळते. समजा व्हीलबेस ३.४ मीटर आहे. ६० टक्के म्हणजे २.०४ मीटर शेपटी. शेपटीची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असेल, तर सुटण्याचा कोन (शेपटी न घासता किती उतार पार होईल तो) जेमतेम १५ अंश भरतो. तोच ओव्हरहँग १.२ मीटरवर आणला की कोन २४-२५ अंश होतो. किनाऱ्यावर फिरायचं असेल तर ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ते ८० सेंटिमीटर घरातून गेल्याचं वाईट वाटतं, पण फेरीबोट सोडून दर वेळी खाडीला वळसा घालायचा तर कॅम्पर घेऊन किनाऱ्यावर यायचंच कशाला?

रुंदीला नियमाची मर्यादा २.६ मीटर आहे, पण वाडीतल्या रस्त्याची मर्यादा त्याहून कमी. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मधे वळण आणि समोरून एसटी. बॉक्सची, म्हणजे मागच्या खोलीची, बाहेरची रुंदी २.० मीटर, फार तर २.०५. आरसे धरून २.३ च्या आत राहा. ऑर्डर देण्यापूर्वी तेवढ्या लांबीची बांबूची काठी कापा आणि नेहमी जायच्या तीन-चार जागी प्रत्यक्ष आडवी धरून बघा. नकाशा हे सांगत नाही.

उंचीचं गणित जमिनीपासून मांडा. चासीच्या वरच्या कडेपर्यंत ७५ सेंटिमीटर, सबफ्रेम ८, फरशी ४, आत उभं राहायला १८८, छत ४, सोलर पॅनल आणि त्याखालची हवेची फट ९. एकूण २८८. साधारण २.९ मीटरच्या आत थांबलं की आंबा-फणसाच्या फांद्या आणि अंगणावरून ओढलेल्या वायरी यांच्याशी रोजचं भांडण होत नाही. वरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना ४५ अंशांचा छाट द्या; फांदी अडकण्याऐवजी घसरून जाते.

चार बाय चार हवं का? फक्त कोकणासाठी बहुतेकांना नको. चढाची पाखाडी (वाडीतली अरुंद वाट) किंवा पावसातला सडा (कातळाचं पठार) इथे चांगल्या टायरची दोन चाकं आणि आखूड बॉडी जास्त उपयोगी पडतात. वाळूवर ट्रक न्यायचाच नाही, हे आधीच ठरवून टाका. पुळणीवर साडेतीन टन रुततात, भरती थांबत नाही, आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी असतात. ज्यांना पुढे लडाख-स्पितीला जायचं आहे त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी फोर बाय फोरचं वजन आणि किंमत पहिल्या दिवसापासून धरावी.

कागद

इथे चूक झाली तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. जुना मालवाहू टेम्पो घ्यायचा, आत पलंग टाकायचा आणि ‘कोण विचारतंय’ म्हणायचं, ही सर्वात स्वस्त दिसणारी वाट अपघात झाल्यावर सर्वात महाग ठरते. विमा कंपनी नोंद आणि गाडी यांचा मेळ बघते.

सरळ वाटा तीन.

पहिली वाट म्हणजे मोटर कॅरॅव्हॅन म्हणून मान्यता असलेली बॉडी. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. असं मान्यतापत्र असलेल्या बॉडीवाल्याकडून गाडी घेतली की नोंदणी सुरळीत होते, मात्र आतला आराखडा बराचसा त्याचा असतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-वाहतूक प्रकारात मोडते. त्यामुळे कर आणि फिटनेसचा हिशेब मालवाहू गाडीपेक्षा वेगळा होतो.

दुसरी वाट कोऱ्या चासी-कॅबिनवर बॉडी बांधण्याची. बॉडी वेगळीकडे बांधली जाते तेव्हा नोंदणीला फॉर्म २२-ए (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) लागतो आणि तो बॉडीवाल्याच्या सहीने येतो. तो देण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का आणि कोणत्या प्रकारच्या बॉडीसाठी आहे, हे आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर बघा. नुसतं ‘आपण करून देतो’ यावर जाऊ नका. आराखड्याचं चित्र, मापं आणि आसनसंख्या घेऊन आपल्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा करा.

तिसरी वाट उचलून ठेवता येणाऱ्या केबिनची. पिकअपच्या हौद्यात बसणारी आणि चार पायांवर उतरवता येणारी. गाडीच्या बांधणीला हात लागत नाही, केबिन माल म्हणून मोजली जाते. व्ही-क्रॉससारख्या पिकअपवर किंवा बोलेरो पिकअपवर दोघांसाठी हे छान जमतं. केबिन शेडमध्ये उतरवून गाडी आंब्याच्या पेट्या न्यायला मोकळी राहते. केबिन मूळ हौद्याच्या बाहेर किती येते आणि वजन पासिंगमध्ये (नोंदणीतल्या कमाल एकूण वजनात) बसतं का, एवढं सांभाळायचं.

तिन्ही वाटांना एक गोष्ट लागू: मालवाहू नोंद असलेल्या गाडीच्या मागच्या खोलीत चालत्या गाडीत माणूस बसवायचा नाही. मागे मुलं बसणार असतील तर आसन, पट्टा आणि त्यांची नोंद आराखड्यातच हवी. परवान्याचा प्रश्न मात्र सुटलेला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) परवान्यावर ७,५०० किलोंच्या आतलं वाहतूक वाहन चालवता येतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणि विमा कंपनीला कळवलेलं पत्र, दोन्ही फाइलला लावा.

वजनाचा तक्ता

खर्चाचा तक्ता करण्याआधी वजनाचा करा, कारण वजन जास्त झालं की पैसे टाकून ते कमी करता येत नाही. कोरी चासी-कॅबिन, टाकी भरून, ड्रायव्हर बसवून, आधी वजनकाट्यावर न्या. पुस्तिकेतला आकडा बऱ्याचदा बिनमाणसाचा असतो.

एक नमुना घेऊ. एकूण पासिंग ४,२५० किलो, काट्यावर चासी-कॅबिन १,९५० किलो. लक्ष्य पासिंगच्या ८५ टक्के, म्हणजे सुमारे ३,६१० किलो. हातात राहिले १,६६०. त्यातून:

सबफ्रेम १५०
फायबर सँडविच पॅनल (दोन फायबर पत्रे, मधे फोम), सुमारे ४२ चौरस मीटर: ४००
दारं, खिडक्या, कोपऱ्यांचे अँगल, चिकटद्रव्य: ११०
फर्निचर आणि गादी: ३००
बॅटरी, इन्व्हर्टर, वायर, दोन सोलर पॅनल: १००
पाणी १२० लिटर, टाकी आणि पंपासह: १४०
फ्रिज, शेगडी, गॅस: ४५
स्टेपनी, जॅक, हत्यारं: ९०
ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत): ३०
दुसरा माणूस: ७०
कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या: १५०

बेरीज १,५८५. एकूण ३,५३५ किलो, म्हणजे लक्ष्याच्या आत.

आता हाच बॉक्स आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीने करा: ४० बाय ४० ची २ मिलिमीटर एमएस (साध्या पोलादी) पाइपची चौकट, बाहेरून एक मिलिमीटर जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, आतून १२ मिलिमीटर प्लाय. सबफ्रेम आणि दारं-खिडक्या धरून ६६० च्या जागी १,१०० किलो होतात आणि गाडी ३,९७५ वर जाते. कागदावर पास, पण पासिंगच्या ९३ टक्क्यांवर. तेच वजन उंचावर घेऊन आंबा घाट किंवा फोंडा घाट उतरायचा म्हणजे ब्रेकच्या लायनिंगचा वास येईपर्यंत उतरायचं. वर्षाने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) बसतात आणि गाडी एका अंगाला कलते.

प्लायचं वजन कुणी धरत नाही. आठ बाय चारचा १९ मिलिमीटरचा एक ताव ३७ ते ४० किलो भरतो, १२ मिलिमीटरचा २३-२५. घरातलं फर्निचर करणारा सुतार सवयीने १९ वापरतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगा: खांब आणि पलंगाची कड सोडून सगळीकडे १२, दारांना ९. दहा ताव लागले तर एवढ्यावरच सव्वाशे-दीडशे किलो वाचतात.

पाण्याची टाकी दोन ॲक्सलच्या मधे, खाली. बॅटरी तिच्या विरुद्ध बाजूला. काम अर्धं झालं की पुन्हा काट्यावर जा आणि तीन प्रकारे वजन करा: फक्त पुढची चाकं, पूर्ण गाडी, मग डावी-उजवीकडची चाकं आळीपाळीने. डाव्या-उजव्यात १०० किलोंहून जास्त फरक निघाला तर फर्निचर ठोकण्याआधी जागा बदला.

सबफ्रेम आणि बॉक्स

ट्रकची चासी पिळली जाते, ती पिळण्यासाठीच केलेली असते. वरचा बॉक्स मात्र ताठ. दोन्ही एकमेकांना सगळीकडून घट्ट आवळले की गावरस्त्याच्या पहिल्या पावसाळ्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसते. तिथूनच पाणी शिरतं आणि दोष सीलंटला दिला जातो. म्हणून सबफ्रेम मागच्या बाजूला पक्क्या प्लेटांनी जोडायची आणि पुढे, कॅबिनमागे, स्प्रिंग लावलेल्या बोल्टवर ठेवायची. त्यामुळे चासी पिळताना पुढचा भाग काही मिलिमीटर उचलला जातो. सबफ्रेमच्या पुढच्या टोकाला तिरका छाट द्या. चौकोनी टोक चासीला एकाच जागी दाबतं आणि तडा तिथेच जातो.

चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, वेल्डिंग नाही. गाडी कंपनीची बॉडीबांधणीची पुस्तिका मिळते. ती मागून घ्या आणि फॅब्रिकेटरच्या हातात द्या. यू-बोल्ट लावायचाच असेल तर चॅनेलच्या आत लोखंडी आधार ठेवा, नाहीतर आवळताना चॅनेलचे ओठ दुमडतात. काही ठिकाणी तिथे लाकडाचा ठोकळा ठोकतात. सायलेन्सरजवळ तो पेट घेतो.

कॅबिनमधून मागे जायला खिडकी करायचा मोह टाळा. कॅबिन आणि बॉक्स वेगवेगळे हलतात, मधल्या रबरी भात्याला दोन वर्षांत भेगा जातात, आणि पाऊस नेमका तिथेच येतो.

बॉक्ससाठी हर्णे, मालवण, रत्नागिरीकडे फायबरच्या होड्या करणारे कारागीर आहेत. खाऱ्या पाण्यातलं काम त्यांना चांगलं कळतं. पण एक धोका आधी सांगून ठेवायचा. होडीला पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि ते थर्माकोल किंवा एक्सपीएस फोमवर थेट ओतलं की फोम विरघळतो. पॅनल बाहेरून गुळगुळीत दिसतं, आत पोकळी राहते. एक्सपीएस असेल तर आधी तयार फायबर पत्रे करून ते पीयू गोंदाने दाबून चिकटवायचे किंवा इपॉक्सी वापरायचं. पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर पीयू किंवा पीव्हीसी फोम घ्या.

पॅनल बनण्याआधी प्रत्येक स्क्रू कुठे येणार ते ठरलेलं असावं लागतं. ऑनिंग, पलंगाची बिजागरी, वरची कपाटं, शेगडीचा ओटा या सगळ्यांच्या मागे फोमऐवजी लाकडाची किंवा जाड प्लायची पट्टी आधीच गाडावी लागते. फोममध्ये घुसवलेला स्क्रू घाटाच्या तिसऱ्या वळणावर बाहेर येतो. कागदावर भिंतीचं चित्र काढा, पट्ट्या लाल पेनाने दाखवा आणि बॉडीवाल्याची सही घ्या.

पाणी आणि खारा वारा

छताला मधून कडेला दोन-तीन अंशांचा उतार द्या. छतात भोकं जितकी कमी तितकं बरं: एक हवेची खिडकी पुरे. सोलर पॅनलचे पाय स्क्रूने नव्हे, गोंदाने बसवा आणि वायर छतातून न घेता भिंतीतून, खाली वळलेल्या ग्लँडमधून (वायरभोवतीच्या पाणीबंद तोटीतून) आत घ्या. प्रत्येक खिडकीवर पागोळी बाहेर पडेल अशी पट्टी हवी, आणि तिच्या खालच्या कडेला खाच. गवंडी छज्ज्याला मारतो तशीच. नाहीतर पाणी पट्टीखालून उलटं चालत चौकटीपर्यंत येतं. खिडक्या वरून बिजागरी असलेल्या, बाहेर उघडणाऱ्या घ्या. सरकत्या खिडकीत खालच्या खाचेत पाणी साचतं आणि पावसात ती उघडी ठेवता येत नाही. आषाढात बंद डब्यात दोन माणसं झोपली की सकाळी भिंती पाझरतात.

जोडांना सिलिकॉन नको. त्यावर पुढे रंग धरत नाही आणि दुरुस्तीचा नवा थरही चिकटत नाही. पीयू किंवा एमएस पॉलिमर सीलंट वापरा. थर तीन मिलिमीटर जाड राहिला पाहिजे, कारण सगळा पिळून बाहेर काढलेला सीलंट ताण घेत नाही.

लोखंड असेल तिथे वेल्डिंग घासून झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग पीयू रंग. सबफ्रेम हॉट-डिप गॅल्व्हनाइज करता आली तर उत्तमच, पण मग सगळी भोकं आणि कापणी त्याआधी. बाहेरचे स्क्रू-बिजागऱ्या एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे. ३०४ वर किनाऱ्यावर तांबूस ठिपके येतात. स्टीलचा स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये घातला की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मधे नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवा. आतलं प्लाय आयएस ७१० चं, आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद. प्लाय पाणी वरच्या-खालच्या बाजूने कमी आणि कडेतून जास्त पितं. पलंगाखाली पूर्ण फळी न टाकता पट्ट्या टाका, नाहीतर श्रावणात गादीला खालून बुरशी येते.

फर्निचर ठोकण्याआधी पाण्याची चाचणी, आणि हिच्याशिवाय पुढचा हप्ता नाही. आतल्या सगळ्या जोडांवर खडूने जाड रेघ ओढा. एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. खालच्या जोडापासून सुरुवात करून वर जायचं, एका जागी दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक कुठे ते कळत नाही. खडूची रेघ जिथे काळपट पडते तिथे पेन्सिलीने खूण. सगळी गाडी धरून दोन-अडीच तास जातात. नंतर गाडी नाक वर करून चढावर आणि मग उतारावर उभी करून छतावर पुन्हा पाणी मारा. सपाटीवर न गळणारं छत तिरकं झालं की गळतं.

वीज

दोघांचा दिवसाचा हिशेब, १२ व्होल्टवर: ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणच्या उकाड्यात ४५ अँपिअर-तास, २० वॅटचे दोन पंखे दहा तास म्हणजे ३३, लॅपटॉप-फोन १६, दिवे ४, पंप २. साधारण १००. म्हणून २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सूर्य न दिसता जेमतेम दोन दिवस काढते.

छतावर ४०० वॅट सोलर असेल तर डिसेंबर ते मे त्यातून रोज शंभराच्या आसपास परत येतात. जुलैत तेवढे मिळतील असं धरू नका. ती तूट गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून) भरायची. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर दोन तासांच्या प्रवासात ६० देतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा दाब कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे नुसत्या रिलेवर काम भागत नाही. बॅटरी ते बॅटरी पाच मीटर अंतर असेल तर १६ चौरस मिलिमीटर वायर. सहाची घातली तर वाटेतच पाऊण व्होल्टहून जास्त पडतो आणि चार्जर सारखा बंद पडतो. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, ५० अँपिअरचा फ्यूज. काही ट्रकांची मूळ यंत्रणा २४ व्होल्टची असते. चार्जर घेण्याआधी तेवढं बघा.

वायर टिन चढवलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत पांघरुणाखाली हिरवं पडतं आणि दोन वर्षांनी पंखा कधी चालतो, कधी नाही. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक हत्याराने दाबून वर गोंदवाली हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). भिंत बंद करण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो, शेजारी टेप धरून.

एसी बॅटरीवर चालवायचं स्वप्न सोडा. सरासरी ५०० वॅट आठ तास म्हणजे ४ युनिट, आणि आपली अख्खी बॅटरी अडीच युनिटांची. मे महिन्यात घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मिळतो तेव्हाच एसी. त्यासाठी बाहेर १५ अँपिअरचं सॉकेट, आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि स्टॅबिलायझर. प्लग लावण्याआधी टेस्टरने अर्थिंग तपासा. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग नावालाच असतं. आणि पार्किंग बघताना वर बघा. माडाखाली सावली असते, नारळही असतो.

पाणी, स्वयंपाक, संडास

दोघांना रोज ३५-४० लिटर धरा. १२० लिटरची टाकी तीन दिवस जाते. ग्रे टाकी ५० ची पुरते. टाकीला हात जाईल एवढं झाकण हवं, कारण विहिरीच्या पाण्याचा लाल गाळ तळाशी बसतो. भरताना पाइपवर गाळणी लावा. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. भरण्याआधी चव घ्या.

इंडक्शन दिवसाला पाऊण तास चालवली तरी ६५-७० अँपिअर-तास जातात, म्हणून पावसाळ्यात गॅसच. ५ किलोचा छोटा सिलिंडर, बाहेरून उघडणाऱ्या बंद खणात, आणि त्या खणाच्या तळाला थेट बाहेर भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. अलार्मही त्यामुळे जमिनीलगत. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नको.

कॅसेट संडासाची (काढून नेता येणारी) टाकी सेप्टिक टाकी असलेल्या संडासातच रिकामी करायची. पऱ्यात किंवा वहाळात ओतलं की तेच पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला जातं.

पैसे

दर जागेवर विचारायचे आणि जीएसटीसह लिहून घ्यायचे. तक्ता कसा मांडायचा ते कळावं म्हणून चासीशिवाय १५ लाखांचा हा नमुना. सबफ्रेम, बॉक्स, दारं-खिडक्या, रंग ६ लाख २० हजार. वीज २ लाख ६० हजार. फर्निचर आणि गादी २ लाख. टायर, पाटे, ब्रेक १ लाख १० हजार. फ्रिज, शेगडी, गॅस १ लाख १० हजार. कागद, मान्यता, विमा १ लाख. पाणी ७० हजार. ने-आण, काटा, फुटकळ ३० हजार. त्यावर राखीव १८ टक्के, २ लाख ७० हजार, वेगळ्या खात्यात. म्हणजे एकूण १७ लाख ७० हजार.

तुमचा आकडा निम्मा असला तरी प्रमाण बघा. बॉक्स आणि चासीखालचं काम मिळून निम्म्याच्या आसपास हवं. फर्निचर एक चतुर्थांशाच्या वर गेलं असेल तर कुठेतरी पाया कापलेला आहे. पैसे कमी पडले तर ऑनिंग, दुसरं सोलर पॅनल, पाण्याचा गीझर मागे ठेवा, पण त्यांच्या वायरी आणि भिंतीतल्या पट्ट्या आत्ताच टाका. एक रिकामी वायर काही शेकड्यांत जाते. ती नंतर ओढायची तर आतलं पॅनल उचकटावं लागतं.

कॅलेंडर

पावसाळ्यात कागद आणि चित्रं. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की फायबरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) चिकट राहतो आणि पीयू रंगावर पांढरट झाक येते. शेडला छप्पर असून उपयोग नाही. गणपतीत कामगार गावाला, कामगार गावचेच असतील तर घरी. त्यामुळे चासी दसऱ्याच्या सुमारास, बॉक्स दिवाळीनंतर ते जानेवारी, पाण्याची चाचणी जानेवारीअखेर, वीज आणि फर्निचर फेब्रुवारी-एप्रिल. मधे शिमग्याला पालखी घरोघरी फिरते, तेव्हा आठ-दहा दिवस कोणी येत नाही. ते वेळापत्रकात आधीच लिहा, म्हणजे फोनवर भांडण होत नाही. मे महिन्यात सुतार लग्नाच्या मांडवात असतो किंवा आंब्याच्या बागेत.

हप्ते कामाच्या टप्प्याशी बांधा, तारखेशी नव्हे. सुरुवातीला २० टक्के. सबफ्रेम बसून काट्याची पावती मिळाली की २५. पाण्याची चाचणी झाली की २५. गाडी ताब्यात घेताना २०. उरलेले १० टक्के मृगाचा पाऊस पडून गाडी आठ दिवस उघड्यावर उभी राहिली की. ही अट करारात शब्दशः लिहा, आणि त्याबरोबर तीन ओळी: रिकाम्या बॉक्सचं कमाल वजन, प्लाय-वायर-सीलंटचं नेमकं नाव आणि प्रत, वायरिंगचे फोटो ग्राहकाला.

त्या आठ दिवसांत रोज सकाळी तपासायच्या जागा ठरलेल्या: पलंगाखालचे चारही कोपरे, मागच्या दाराचा उंबरठा, छताच्या खिडकीची चौकट आतून बोटाने, आणि वायर आत येते तिथला ग्लँड. दमट वास आला आणि ओल दिसली नाही तर गादी उचला.